नुसता कापूस

हॉलच्या दारातच मला फवारलं.

हाताला नाही. डोक्यापासून तळपायापर्यंत. पाठीवर पंप अडकवलेला माणूस. भातावरच्या किडीला मारतात तोच पंप. "डोळे मीट. हात वर. फिर आता," म्हणाला. मी फिरले. धुऊन नेसलेलं लुगडं चिंब. शेजारून बदलापूरच्या कात्रपचे पाहुणे आत चालले होते, त्यांच्या तळव्यावर सॅनिटायझरचा एकेक थेंब, अत्तर दिल्यासारखा. माझ्यावर मात्र एवढं ओतलं की विषाणूच काय, अंगात येणारे देवसुद्धा गुदमरून मेले असतील.

आणि आत सत्कार माझाच होता.

माझी जीभ लांब आहे, हे बारवीच्या जंगलातल्या माकडांनाही ठाऊक. आमची वाडी डोंगरावर. चढ असा की कोंबडीसुद्धा मध्ये बसून दम खाते. करवंदांच्या पाट्या घेऊन आम्ही बाया बदलापूरच्या बाजारात उतरतो. गर्दी माझ्याच पाटीपुढे, कारण हे करवंद वाघानं चाखून सोडलंय, हे मी शपथेवर सांगते. या जिभेवर संस्थेच्या मॅडम भुलल्या. करोनात पाड्यापाड्यांवर जाऊन लोकांना लशीचं समजवायचं, म्हणून त्यांच्या संस्थेला निधी मिळाला होता. "तुझं ऐकतील गं ती माणसं," त्या म्हणाल्या.

ती माणसं. मी हसले. तेव्हा हसायची सवय होती.

निधीतून काय काय आलं! उल्हासनगरात शिवलेले टी-शर्ट आले, लुगड्यावरून घालायला. भोंग्याची गाडी आली. भोंगा असा की बारवी धरणातले मासे दचकून काठावर. पण गाडी डोंगर चढेना. मग ती कात्रपच्या नाक्यावर उभी राहून, ज्यांची लस घेऊन झाली होती त्यांनाच दिवसभर लस घ्या म्हणून ओरडायची.

वाडी घाबरलेली. लस टोचली की माणूस मरतो, असं सगळ्यांच्या डोक्यात. मी घराघरात जीभ सोडली. "मुंगी चावलेली कळते, ही सुई कळतसुद्धा नाही. टोचून घेतलेला माणूस करोनाच्या जबड्यात हात घालून दात मोजतो."

सगळ्यात आधी सासू तयार झाली. "तू सांगतंस ना, मंग चल."

एका सकाळी मॅडम पायी आल्या, धापा टाकत. बरोबर उल्हासनगरच्या कॅम्प एकचा फोटोवाला आणि पांढऱ्या कोटातली मुलगी. शाळेच्या ओट्यावर खुर्ची मांडली. म्हाताऱ्या रांगेत. मला टी-शर्ट वाटायला वरच्या घरांकडे पिटाळलं. कोटवालीनं सासूच्या दंडावर कापूस दाबला, सिरिंज जवळ धरली. फोटोवाल्याचा आवाज मला वरपर्यंत आला, "मावशी, इधर देखो! हसा की, लग्न आहे तुमचं!" अख्खी वाडी खदखदली. मग अर्ध्या वाडीनं तसेच दंड पुढे केले.

संध्याकाळी सासू दंड पुढे करून म्हणाली, "खरंच गो, मना काय बी टोचला नाय. जन्मात पयल्यांदा खरा बोललीस."

कापूस तिनं चिंधीनं बांधून ठेवला होता. ओला होऊ नये म्हणून अंघोळीला दंड वर धरायची. मग करवंदं घेऊन बाजारात जायला लागली. मास्क कमरेला खोचलेला. कुणी टोकलं की, "मना झाली लस!"

ताप आला. मग दम. चार जणांनी झोळी केली. मी टेकाडावर चढून फोन लावला. तिथेच तेवढी रेंज.

"मॅडम, भोंग्याची गाडी खालच्या रस्त्याला पाठवा. सासूला उल्हासनगरला दवाखान्यात न्यायचंय."

"अगं, ती गाडी जनजागृतीसाठी मंजूर आहे. पेशंट बसवला तर ऑडिटला मी काय सांगू?"

"मॅडम, पण तिनं लस घेऊनसुद्धा असं कसं..."

मॅडम म्हणाल्या, "लस कुठे गं? ते शूट होतं. नुसता कापूस लावला होता. लस सरकार देतं, आपण फक्त समजावतो. तुला माहीत नव्हतं?"

सासू उतारावरच गेली. झोळीत. रस्ता दिसत होता.

इथे फुगवायला काही नाही.

सत्काराला गेले ती निधी देणारे साहेब येणार म्हणून. त्यांना विचारायचं होतं, वाडीची लस कुठाय. हॉलच्या भिंतीवर भिंतीएवढी सासू. हसणारी. दंडावर कापूस. माझी शाल खुर्चीवर ठेवलेली, मला कुणाचा हात लागायला नको. मॅडम माइकवर म्हणाल्या, "ही आमची गमतीशीर ताई. सांग गं, ती मुंगीची गोष्ट."

प्लास्टिक गुंडाळलेला माइक मी धरला. म्हटलं, "ही माझी सासू. मेली. हिला सुई टोचलीच नव्हती. नुसता कापूस. तुमची गाडी नाक्यावर उभी होती, तिनं हिला नेलं नाही. आमच्या वाडीची लस कुठाय?"

दुसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. माझी थाप वाटली. मग टाळ्या. साहेब मान हलवत म्हणाले, "व्हेरी टचिंग."

शाल तिथेच ठेवली. ओल्या लुगड्यानंच डोंगर चढले. दारोदार सांगितलं, ती लस नव्हती, कापूस होता. शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली, "जा गो! लय थापा मारतंस."

लशीची खरी गाडी खालच्या रस्त्याला आली तेव्हा पाऊस सरला होता. नर्सबाई चढून आली. अर्ध्या वाडीनं तिला वाटेला लावलं. "आमची कवाच झाली. फोटो हाय." मी तिच्यामागून ओरडत फिरले. त्या वर्षी वाडीत आणखी झोळ्या उतरल्या. मोजल्या नाहीत मी. कुणीच मोजल्या नाहीत.

आता दुसऱ्या आजाराचा निधी आलाय म्हणे. परवा मॅडमचा फोन. "तुझं ऐकतात गं ती माणसं."

"नाय ऐकत," मी म्हटलं. "माझ्या शब्दात तेवढं वजन तुम्हीच ठेवलं नाही."

काही बदलेल असं मला वाटत नाही. गाडी नाक्यावरच उभी राहणार. पण या डोंगरावर पुन्हा खुर्ची मांडली, तर पहिला दंड माझा. सुई आत गेली, रक्ताचा थेंब आला, वाडीनं डोळ्यानं बघितला, तरच दुसरा दंड उघडेल. थेंब नाही तर फोटो नाही. खुर्ची उतारावरून ढकलून देईन. त्यावर कोण बसलंय, बघणार नाही.

ही थाप नाही.