शिंकेसारखं नाव

"तीस वर्षं," सादेत जिन्यातच थांबली, "तीस वर्षं माझ्या हातची कॉफी प्यायलीस. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या उशाशी बसलीस. आणि मला तुझं नाव ठाऊक नाही."

"ठाऊक आहे की. नेविन."

"दवाखान्यात नाही म्हणाले नेविन."

"हळू बोल, खालच्या मजल्यावरची ऐकतेय."

"ऐकू दे. तिला तरी तुझं खरं नाव माहीत असेल."

भांडण जोरात चाललं होतं, पण सादेतनं नेविनचा दंड सोडला नव्हता. डोळ्यांत औषध घातल्यामुळं नेविनला पायऱ्या दिसत नव्हत्या. चढायचं तर तिच्याच आधारानं, आणि बोलणी खायची तीही तिचीच.

झालं होतं ते असं. दोघी सकाळी सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेल्या. बाकावर बायकांची दाटी. आतून कारकुनानं एक नाव पुकारलं. पुकारलं म्हणजे काय, त्याची जीभ त्यात अडकली. "हिरि... हिपरि... हिरपिस..." कोणी उठेना. सादेतला अशा वेळी गप्प बसवत नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "कोण गं बाई ही? आईनं शिंकता शिंकता नाव ठेवलेलं दिसतंय." सगळा बाक हसला. आणि मग तिच्या शेजारची नेविन पर्स छातीशी धरून उठली आणि आत गेली.

नेविनचं जन्माचं, आर्मेनियन नाव ह्रिप्सिमे. तुर्की शहराच्या कुर्तुलुश वस्तीतल्या ज्या गल्लीत ती वाढली, तिथं रस्त्यावर पाऊल टाकलं की आई कानाशी लागायची, "इथं मला 'मामा' म्हणायचं नाही, तुर्की पोरांसारखं 'आन्ने' म्हण." दोन्हीचा अर्थ आईच; घरात एक आई, रस्त्यावर दुसरी. मुलांना त्यात काही वावगं वाटत नसे; पावसात छत्री घ्यायची तसं. तेराव्या वर्षी बेयोलूच्या बाजारातल्या एका शिवणवालीकडं ती काम शिकायला लागली. ती मालकीणही आर्मेनियनच, पण धंद्यात मुरलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरी, गिऱ्हाइकाला टाके मोजायचे असतात, जीभ वळवायची नसते. आजपासून तू नेविन." त्या दिवसापासून बाहेरच्या जगात ती नेविन झाली. हाताला इतकी चांगली, की अर्ध्या कुर्तुलुशच्या लेकी तिनं शिवलेल्या पांढऱ्या पोशाखात सासरी गेल्या. प्रत्येक पोशाखाच्या गळ्यात आतून रेशमी लेबल: नेविन. इमारतीच्या दारावर पाटी: नेविन, लग्नाचे पोशाख.

नवऱ्यावर मात्र ही वेळ कधी आलीच नाही. त्याचं नाव निशान. आर्मेनियन कानाला ते आर्मेनियन वाटे, आणि तुर्कीत त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा. त्यामुळं तो बिनधास्त आयुष्यभर एकाच नावानं हिंडला. "तुझं बरं आहे," ती म्हणायची, "तुझं नाव दोन्ही बाजूंनी घालता येतं."

तिसऱ्या मजल्यावर त्यानंच दार उघडलं.

"निशानदादा," सादेत उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या बायकोचं नाव काय?"

निशाननं आधी बायकोकडं पाहिलं. कुठलं नाव सांगायचं ते एरवी तिच्या चेहऱ्यावर वाचता यायचं. आज तिचे डोळेच ताळ्यावर नव्हते.

"कुणाला हवंय?" त्यानं सावधपणे विचारलं.

"बघा! आणि ते तुम्ही हाक मारता ते, ह्रिप्सिक ह्रिप्सिक, ते काय? मी आपली समजत होते, लाडाचा शब्द असेल. राणी, बुलबुल, असलं काही. माझ्या नवऱ्याला सुनवायची मी, बघ शेजारचे कसे लाडानं बोलतात."

मधल्या खोलीतून लेक मारालचं हसू ऐकू आलं. ह्रिप्सिमेलाही हसू फुटणार होतं, पण सादेत हसत नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. कोपऱ्यात पुतळ्यावर तिच्या नातीचा, दिलाराचा, अर्धा शिवलेला लग्नाचा पोशाख होता. तिकडं बोट दाखवून ती म्हणाली, "हा मी दुसरीकडं देते. ज्या बाईचं नाव मला माहीत नाही, तिच्या हातचं माझ्या नातीला नको."

दार आपटलं. मग समोरचं सादेतच्या घरचं दारही आपटलं.

"राहू दे," निशान म्हणाला. "चार दिवसांत येईल. पोशाख न्यायला तरी येईल."

"मी नाही चिडले तिच्यावर," ह्रिप्सिमे खुर्चीत टेकत म्हणाली. "ती हसली म्हणून तिला लाज वाटलीय. लाज वाटली की ती भांडते."

पण चार दिवस गेले, आणि समोरच्या दारातून कॉफीचा वास आला तरी हाक आली नाही. ह्रिप्सिमेनं पोशाखाला हात लावला नाही. सुई ओवायची आणि ठेवून द्यायची. या घरात नाव घ्यायला माणसं होती. पण टाचण्या तोंडात धरून बडबडायला, वरणभाताइतकी रोजची अशी दुसरी कुणी नव्हती. तिला पहिल्यांदाच भीती वाटली, की हे खरंच संपलं तर?

सादेतकडून चीज भरलेले बोरेक घालून आलेली थाळी तिच्याकडं राहिली होती. थाळी रिकामी परत करायची नाही, हे दोन्ही घरांचं एकच शास्त्र. इस्टरच्या आधीचे उपास चालू होते, म्हणून तिनं तोपिक केले: हरभऱ्याच्या पारीत कांदा, मनुका, तिळाचं सारण, वर दालचिनी. आणि थाळी घेऊन समोरचं दार वाजवलं.

सादेतनं दार उघडलं. थाळीकडं पाहिलं. घसा खाकरला.

"ह... हिरिप्... थांब. दिलारानं शिकवलंय. ह्रिप्. सि. मे."

"बरोबर."

"जबडा दुखतोय माझा. ये आत."

कॉफी झाली. मग सादेतनं विचारलं, "कुणाचं नाव हे?"

"आजीचं. सिवासची होती. एकोणीसशे पंधरा साली लहान पोर होती. तिच्या गावातून निघालेल्यांपैकी तीच इथवर पोचली."

"सिवास? अगं, मग आपण एका गावच्या." सादेत क्षणभर खूश झाली. "माझी आजी सांगायची, आमच्या शेजारी तुमचेच लोक होते. मग ते गेले."

"गेले नाहीत, सादेत. नेले."

त्या साली सरकारनं आर्मेनियनांना गावंच्या गावं हाकलून मरणाच्या वाटेला लावलं होतं; ह्रिप्सिमेनं हे कुणालाही, कधीही असं सरळ म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर तिनं पटकन तोपिकचा एक घास तोंडात टाकला, म्हणजे पुढं बोलावं लागू नये.

सादेतनं कप खाली ठेवला. "माझी आजी 'नेले' कधी म्हणाली नाही," ती सावकाश म्हणाली. "पण त्यांची वाडी तुतीच्या झाडासकट आमच्याकडं आली होती. पोरं तुटून पडायची त्यावर. आजीनं त्यातली एक तुती कधी खाल्ली नाही. विचारलं तर म्हणायची, माझी नव्हे." तिनं डोळे पुसले, आणि मग नाकही. "आणि तू मला तीस वर्षं खोटं नाव खाऊ घातलंस."

"खोटं नव्हतं गं. सवयीचं होतं."

"तर मग ऐक. दिलाराच्या पोशाखात सवयीचं लेबल चालणार नाही. खरं लाव. अक्षरं जास्त आहेत, पैसे जास्त मागू नकोस."

"तुझ्याकडून मी पैसे घेतेय कधी?"

"तेच म्हणते."

संध्याकाळी जेवताना ह्रिप्सिमेनं लेबलाचा आणि दारावरच्या पाटीचा विषय काढला, तसा निशानचा चमचा थांबला.

"लेबल ठीक आहे. ते आत असतं. पाटीचं काय काढलंस?"

"लेबल एक आणि पाटी एक, असं कसं चालेल?"

"एकोणीसशे पंचावन्न साली जमावानं बाबांचं बटणांचं दुकान फोडलं, ते पाटीवरचं आर्मेनियन नाव वाचूनच. मी आठ वर्षांचा होतो. मी रस्त्यावरची बटणं गोळा केलीत."

"आजोबाच सांगायचे ना, की फोडणारे त्याच बटणांवरून घसरून पडले," माराल म्हणाली.

"पडले, आणि उठले," निशान म्हणाला. "तू हसतेस. गिऱ्हाइकं तुटली म्हणजे?"

"ज्यांना जीभ वळवायचा कंटाळा आहे, त्यांनी तुटावं. सादेतची वळली, तर कुणाचीही वळेल."

"या वयात नवं नाव!"

"नवं तुला वाटतंय. मला ते मिळून बासष्ट वर्षं झाली."

निशाननं तिच्याकडं पाहिलं. औषध केव्हाच उतरलं होतं. तिचे डोळे स्वच्छ होते, आणि चेहऱ्यावर सगळं वाचता येत होतं. त्यानं चमचा उचलला आणि पुटपुटला, "पाटीवर मावणार नाही ते."

ह्रिप्सिमेनं भांडी एकात एक रचली.

"मावेल, अक्षरं बारीक काढू. उद्या सकाळी रंगारी येतोय, मी सांगून आले आहे. आणि खालच्या मजल्यावरचीनं विचारलं, तर नेविन निवृत्त झाली म्हणून सांगा."