वन्संचा एकवीस नंबर

आमच्या वन्सं शाळेची बस चालवतात. बसला वेगाची मर्यादा चाळीस, आणि वन्संच्या बसचा काटा कधी अडतिसाच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नाही. मागचे लोक हॉर्न मारून मारून दमतात. शेवटच्या बाकावरची पोरं ओरडतात, "मावशी, सायकलवाला पुढे गेला!" वन्सं आरशात बघून म्हणतात, "जाऊ दे. त्याला घाई असेल."

याच वन्सं महिन्यातल्या एका रविवारी हेल्मेट घालून मातीच्या ट्रॅकवर गाडी अशी पळवतात की मला डोळे मिटून घ्यावे लागतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या बसवर होत्याच. स्वतः लग्न केलं नाही, त्याचं दुःखही कधी केलं नाही. शर्यतीचं वेड मात्र चाळिशी उलटल्यावर लागलं, आणि तेही आमच्या शेजारच्या बेकरीवाल्यामुळे. हा माणूस इतका काटकुळा, की अख्ख्या गल्लीत त्याला पावशेर म्हणतात. त्याच्या मेव्हण्याची शर्यत बघायला एकदा त्यानं आम्हा सगळ्यांना नेलं. आम्ही धुळीनं खोकत होतो आणि वन्सं कठड्याला टेकून एकटक बघत होत्या. परत येताना म्हणाल्या, "एवढंच ना? बस याच्यापेक्षा अवघड. तिच्यात मागे पोरं भांडतात."

माझे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, पंप दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी बहिणीसाठी भंगारातून एक गाडी उचलली. मुद्दाम आमच्या घरच्या गाडीचीच जुळी. हेतू असा, की ट्रॅकवर काही मोडलं तर घरच्या गाडीचा भाग काढून हिला लावता येईल. मला ही कल्पना पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. दोन जावांनी एकच लुगडं वापरायचं ठरवलं तर एक जण घरातच बसणार, हे सांगायला फिटर कशाला हवा?

आणि झालंही तसंच. एका शर्यतीला घरच्या गाडीची बॅटरी हिला लावली, ती जळाली, पावशेर आपली व्हॅन घेऊन आधीच निघून गेला होता, आणि आमच्या सासूबाईंनी अख्खी रात्र ट्रॅकच्या तिकीटखिडकीत लाकडी खुर्चीवर बसून काढली. सकाळी त्यांची मान एका बाजूला वळली ती आठवडाभर तशीच. तेव्हापासून त्यांनी फर्मान काढलं, "घरच्या गाडीला कुणी हात लावायचा नाही." वन्संनी तसा शब्द दिला. सासूबाईंचा शब्दावर विश्वास, पण किल्लीवर जास्त. ट्रॅकवर पोचलं की त्या काचा वर करायला लावायच्या, दारं बंद करायच्या, आणि किल्ली स्वतःच्या बटव्यात टाकून बटव्याची दोरी मनगटाला गुंडाळायच्या.

तुम्ही म्हणाल, एवढा राग तर येतात कशाला? मी एकदा विचारलं होतं. "घरी एकटी बसून भिंती मोजू?" म्हणाल्या. त्या येतात. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, गुडघ्यांवर टाकायला चादर. पुढे पावशेरची पावाची व्हॅन, तिच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीवर वन्संची गाडी, आणि मागून आमच्या गाडीत आम्ही. वाटेत दोनदा थांबायचं. पावशेरची बायको ताज्या पावांची पिशवी खिडकीतून आत टाकते आणि आमचे डबे पळवते. निघण्यापूर्वी मी देवासमोर क्षणभर उभी राहते. जिंकणं मी कधी मागितलं नाही, मागायची लाज वाटते. देवाला काय तेवढीच कामं आहेत? मी इतकंच म्हणते, सगळ्या माणसांना घरी सुखरूप आण.

गेल्या हंगामात मात्र वेळच वाईट होती. ट्रॅकवाल्यांचा एक नियम आहे: ज्याला अख्ख्या हंगामात एकदाही मुख्य शर्यत पूर्ण करता येत नाही, त्याचा नंबर काढून रांगेतल्या दुसऱ्याला द्यायचा. रांगेत सगळी विशी-बाविशीची मुलं. वन्संचा नंबर एकवीस. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला, दोनाचं पोट जरा मोठं झालेलं. आणि हंगामभर त्यांना शेवटचा चौकटीचा झेंडा काही दिसला नव्हता. कधी टायर फुटला, कधी पट्टा तुटला, एकदा कुणीतरी येऊन बाजूला धडकलं, आणि एकदा त्या स्वतःच गवताच्या भाऱ्यांत जाऊन घुसल्या. आता एकच रविवार उरला होता. एक्कावन्नाव्या वर्षी नंबर गेला की परत कोण देणार? त्या आठवड्यात वन्संनी बस धुताना दोनदा धुतली, ते मी पाहिलं.

त्या रविवारी सकाळी छोटी चाचणीची फेरी होती. वन्सं गाडीत बसल्या, पट्टा आवळला, आणि नेहमीसारखं मागे वळून पाहिलं. ही त्यांची बसची सवय. सगळी पोरं बसली का, हे बघितल्याशिवाय हात किल्लीकडे जातच नाही. शर्यतीच्या गाडीला मागे बाकच नाही, नुसता पत्रा आहे, तरी त्या बघतात. कठड्यावरचे लोक हसतात. त्यात एक लाल गाडीवाला आहे, नेहमी उलटी टोपी घालणारा. तो तर ओरडतोच, "बसवाल्या बाई, हजेरी झाली का?"

फेरी अर्धी झाली असेल-नसेल, पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड वन्संच्या गाडीच्या जाळीतून आत शिरला. गाडी बाहेर आली तेव्हा खालून नळ सोडल्यासारखं पाणी वाहत होतं. यजमानांनी वाकून पाहिलं आणि जमिनीवरच बसले. "रेडिएटर गेला, ताई. आरपार."

"जादाचा?"

"तो मागच्या वेळीच नाही का गेला?"

टोपीवाला शेजारून चालला होता. "काय बाई, स्टॉप आला वाटतं?"

मुख्य शर्यत दुपारी. तीस पावलांवर आमची घरची गाडी उभी, तिच्यात धडधाकट रेडिएटर. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी तिकडे बघत नव्हतं. पावशेरनं हळूच म्हटलं, "काकूंना विचारू का मी? मला त्या मारणार नाहीत."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. आईला या वयात परत खुर्चीवर रात्र काढायला लावू? नंबर गेला तर गेला." आणि पाने गोळा करून, पुसून, एकेक पेटीत ठेवू लागल्या. मोठा खाली, त्यावर मधला, त्यावर लहान. एवढ्या नीट, की मला बघवेना. मी तोंड फिरवून पदरानं नाक पुसलं.

तेवढ्यात मागून खुर्ची घडी केल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या.

"काय गं, आवरायला काय लागलीस?"

"झालं आई. गाडी बंद पडली. निघू या लवकर, तुझ्या पाठीला बरं."

"माझ्या पाठीची काळजी आत्ता सुचली?" सासूबाई चार पावलं पुढे आल्या. "मला एक सांग. वर्षभर मी या खड्ड्यांतून आदळत येतेय. धूळ खातेय. हिच्या डब्यातलं गार खातेय." हा टोमणा मला. "आणि दर वेळी काय बघते? अर्ध्यात तुझी गाडी बंद, आणि चला घरी. एकदा तरी शेवट बघितलाय मी? घरी गेलं की पलीकडची शेजारीण विचारते, पुढे काय झालं. काय सांगू तिला, माझं कपाळ?"

"आई, पण तूच म्हणालीस ना, गाडीला हात..."

"मी म्हणाले ना? मग आता मीच म्हणते, लावा." मनगटाची दोरी सुटेना. दोन वेढे, तिसऱ्याची गाठ. पावशेरची बायको पुढे धावली तर तिला झटकलं आणि दातांनी गाठ सोडवली. किल्ली मुलाच्या अंगावर फेकली. "बघतोस काय बावळटासारखा? मला शेवट बघायचाय."

पुढच्या तासाभरात होते तितकं चपळ यजमानांना मी कधी पाहिलं नव्हतं. घरचं काम सांगितलं की कंबर धरते, इथे मात्र एका गाडीच्या पोटातून दुसरीच्या पोटात साप सरकावा तसे चालले होते. पावशेर पाणी आणत होता, मी नटबोल्ट पदरात धरून उभी, आणि सासूबाई खुर्चीवर बसून सूचना देत होत्या, "उलटा नाही ना बसवलास?" वन्सं काम करता करता एकदाच आईकडे बघून हसल्या. आईनं मान दुसरीकडे वळवली, पण त्या बाजूलाही हसूच होतं.

दुपारी गाड्या उभ्या राहिल्या. सकाळची फेरी पूर्ण न झालेल्यांना सगळ्यात मागे ठेवतात, म्हणून वन्सं नववी. झेंडा पडायच्या आधी त्यांनी मागे वळून पाहिलं. नुसता पत्रा. मग पुढे.

पहिल्याच वळणावर पुढच्या तिघांनी एकमेकांच्या अंगावर गाड्या घातल्या. धूळ बसली तेव्हा दोन गाड्या आडव्या, आणि वन्सं त्यांना वळसा घालून पुढे. त्यांनी अंतर ठेवलं होतं, पुढच्या बसमागे ठेवतात तसं. दुपारच्या उन्हात ट्रॅक सुकून भुसभुशीत झाला होता, चाकोऱ्या पडल्या होत्या. तरणी पोरं वळणावर घसरत बाहेर फेकली जात होती आणि वन्सं आतल्या कडेनं, एकही झटका न देता, मागे पोरं उभी असल्यासारखं वळण घेत होत्या. पण वेग! देवा, तो वेग बसचा नव्हता. एक गाडी मागे टाकली. मग टोपीवाल्याची लाल. पावशेर उड्या मारत होता, "पाचवी! पाचवी!" त्याची बायको माझ्या दंडात नखं रुतवत होती. मी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

दोन फेऱ्या राहिल्या आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी रेघ वर आली.

"वाफ," यजमान म्हणाले आणि दोन्ही हात डोक्यावर. "रेडिएटर जुना आहे, शिवण उसवली असणार. आता थांबली नाही तर इंजिन जाईल."

रेघेचा ढग झाला. गाडी समोरून गेली तेव्हा वन्संचं तोंड दिसत नव्हतं, नुसतं वाफेत एक हेल्मेट. आणि मग मी पाहिलं, सासूबाई खुर्चीवर नव्हत्या. कठड्याला लागून उभ्या होत्या, चादर धुळीत पडलेली, आणि घसा फोडून ओरडत होत्या, "थांबू नकोस गं बये! थोडंच राहिलंय! चल!"

आमच्या सासूबाई घरात दाराबाहेर ऐकू जाईल असं कधी बोलल्या नाहीत. त्या दिवशी ट्रॅकच्या पलीकडचे लोक वळून बघत होते.

शेवटच्या वळणावर पुढची निळी गाडी फिरली आणि तोंड उलटं करून थांबली. वन्सं तिच्या बाजूनं खडखडत, धापा टाकत, वाफेचं पागोटं बांधल्यासारख्या निघाल्या. इंजिनाचा आवाज खलबत्त्यासारखा. रेषा ओलांडली. झेंडेवाल्यानं चौकटीचा झेंडा असा हलवला, जणू त्याचीच बहीण आली होती. गाडी थोडी पुढे जाऊन एकदा शिंकली आणि बंद पडली. चौथी!

आम्ही धावलो. वन्सं खिडकीतून बाहेर आल्या, हेल्मेट काढलं, आणि पहिल्यांदा काय केलं, तर आत वाकून मागे बघितलं. बस रिकामी करताना कुणी पोर झोपून राहिलं नाही ना, म्हणून बघतात तसं. मग त्या आईकडे वळल्या. "बघितलास शेवट?"

"बघितला," सासूबाई म्हणाल्या, आणि धुळीनं माखलेल्या लेकीचं तोंड पदरानं पुसलं. पदर काळा झाला, तोंड तसंच राहिलं.

टोपीवाला आला. टोपी हातात होती. "बाई, मानलं."

"तुमचा स्टॉप मागे राहिला का हो?" वन्सं म्हणाल्या. तो इतका हसला की शेवटी सामान आवरायला मदत करूनच गेला. चौथ्याला बक्षीस नसतं. पण कचेरीतल्या माणसानं यादी काढली आणि आमच्यासमोर एकवीस नंबरापुढे बरोबरची खूण केली. वन्संनी त्याला ती परत एकदा गिरवायला लावली.

आता दोन्ही गाड्यांना धड रेडिएटर नव्हता. ट्रॉली एक. यजमान घुटमळत म्हणाले, "ट्रॉलीवर घरची गाडी घेऊ या का? तीच रोज लागते."

"काही नको," सासूबाई म्हणाल्या. "आज जिनं काम केलं ती बसून जाईल. ती दुसरी राहू दे इथेच, ट्रॅकला राखणदार आहे. आणि ही किल्ली तूच ठेव. गाडीच नाही तर किल्ली काय चाटू?"

म्हणून आम्ही सगळे पावाच्या व्हॅनमधून घरी आलो. सासूबाई पुढे, पावशेरशेजारी. आम्ही मागे, उपड्या केलेल्या क्रेटवर, गुडघ्याला गुडघे लावून. आत पावाचा वास होता आणि इंजिनाच्या तेलाचा. वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होतो आणि वन्सं ओरडत होत्या, "अरे पावशेर, चाळीसच्या वर जाऊ नकोस, मागे माणसं आहेत!" त्यावर जो हशा उठला, तो घर येईपर्यंत पुरला. उन्हं कलली तसे आम्ही दारात उतरलो, एकूण एक माणूस धडधाकट. तेव्हा माझ्या लक्षात आलं: सकाळी मी देवाला माणसं घरी आण म्हणाले होते. गाड्यांचं काही बोललेच नव्हते. देव शब्दाला पक्का.

सासूबाई पायरीवर न बसता थेट शेजारणीच्या दाराशी गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते.

"शेवट बघून आले," त्यांनी सांगितलं.

"मग? लेकीचा कितवा नंबर?"

"चौथा."

शेजारणीनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तिघं पुढे होते?"

"होते," सासूबाई म्हणाल्या. "घाई असेल त्यांना."