शिट्टीच्या आधीचा हात

रज्जाकभाऊंचा उजवा हात पंचाच्या शिट्टीच्या आधी वर जायचा. कबड्डीत नुसतं बोट लागलं, पंचाला दिसलं नाही, ज्यानं लावलं त्यालाही कळलं नाही, तरी हा गडी हात वर करून सरळ मैदानाबाहेर जाऊन बसायचा. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, याला पाणी प्यायला जायचं असेल.

नागभीडला स्टेशनसमोर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. अंगानं काटकुळे, गळ्यात कायम टेप. मी स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून, म्हणून ते मला 'मालबाबू' म्हणत. गावच्या संघाचा कप्तान मी होतो. पण संघ होता तो त्यांच्यामुळे. एकदा माझ्या नव्या सदऱ्याची बाही त्यांनी माझ्यादेखत उसवली. सूतभर कमी-जास्त झाली होती म्हणे. मला काही फरक दिसत नव्हता, आणि मला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "तुले नाई दिसलं बाबू, पण मले दिसलं ना. आता कसा देऊ?"

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लवकर येणारा हलका धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पाणी मारून, ठोकून मैदान करायचं आणि दुपारभर कबड्डी. नियम गावठी आणि निर्दय. बाद झालेला गडी परत आत येत नसे. ज्या बाजूचे सगळे आधी बाहेर, ती बाजू हरली. चढाईला गेलेल्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात जायचं, समोरच्याला शिवायचं आणि त्याच दमात मधली रेघ गाठायची. मध्ये दम तुटला की तोच बाद.

मंडईची ढाल सलग तीन वर्षं सिंदेवाहीच्या संघानं नेली होती. चौथ्या वर्षी मी भर बाजारात सांगून बसलो की, यंदा हरलो तर मिशी उतरवीन. मिशी चांगली होती. मालधक्क्यावर साहेबापेक्षा तिलाच जास्त मान होता.

अंतिम सामन्यात आमच्याकडे एकटे रज्जाकभाऊ उरले आणि सिंदेवाहीकडे एकटा सोमाजी, त्यांचा कप्तान. हा सोमाजी म्हणजे अंगानं रेडा आणि पायानं हरीण. भाऊ चढाईला गेले. ढोल असे वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. भाऊंनी खाली बसकण मारली, सोमाजीच्या घोट्याला बोट लावलं, त्याच्या हाताखालून निसटले आणि रेघेवर येऊन पडले. शाळेतले गुरुजी पंच होते. त्यांनी आमच्या बाजूनं हात करून शिट्टी ओठांना लावली. मी हवेत उडी मारली होती, अजून खालीही आलो नव्हतो, तोच भाऊंचा हात वर गेला.

"गुरुजी, दम तुटला होता. रेघेच्या हातभर अलीकडे."

गुरुजी म्हणाले की त्यांना तसं काही ऐकू आलं नाही. भाऊ धापा टाकत म्हणाले, "दम माह्या छातीत आहे गुरुजी, तुमच्या कानात नाई."

ढाल सिंदेवाहीला गेली आणि माझी मिशी न्हाव्याच्या वस्तऱ्यावर. मी इतका संतापलो की वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. पायजमा शिवायला मुद्दाम दुसऱ्या शिंप्याकडे टाकला. त्यानं एक पाय लांब, एक आखूड करून दिला. मी तसाच घालून भाऊंच्या दुकानासमोरून जायचो. ते मान खाली घालून मशीन चालवत. हसत असणार, पण दाखवत नसत.

पुढच्या मंडईत अंतिम सामना पुन्हा सिंदेवाहीशीच पडला. अख्खं गाव बांधावर उभं होतं. शेवटी आमच्याकडे मी आणि भाऊ, त्यांच्याकडे सोमाजी आणि आणखी एक गडी. सोमाजी चढाईला आला. आम्ही दोघं हातात हात धरून साखळी करून उभे होतो. त्यानं झेप घेतली, मी मागे सरलो आणि त्याच्या बोटाचं टोक माझ्या कोपराला लागलं. अगदी माशी बसावी तसं. सोमाजी रेघ ओलांडून ओरडला की शिवलं. गुरुजींना धुरळ्यात काही दिसलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणालो.

खोटं बोललो, हे इतक्या वर्षांनीही लिहिताना कान गरम होतात. मला ती ढाल हवी होती, आणि कशीबशी परत आलेली मिशी बाजारात ताठ मिरवायची होती. सोमाजी भांडला नाही. तो एवढंच म्हणाला, "रज्जाकभाऊले इचारा गुरुजी. त्याच्या हातात हात होता याचा. तो म्हणन ते आमाले कबूल."

वादात समोरच्या संघानं आमच्याच गड्याला साक्षीला बोलावलं, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. भाऊंनी माझा हात अजून धरलेला होता. बोट लागताच माझा हात दचकला होता, ते त्यांना कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. ते गुरुजींना म्हणाले, "मले काऊन इचारता? त्यालेच एक डाव अजून इचारा. तो सांगन."

एवढं म्हणून त्यांनी माझा हात सोडला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझा हात वर कसा गेला ते माझं मलाच कळलं नाही. बांधावरून आपल्याच लोकांनी मला शिव्या घातल्या, त्या ऐकत मी बाहेर जाऊन बसलो.

आता भाऊ एकटे, समोर दोघं. ते आत शिरले आणि त्यांचं 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं. डावीकडच्या गड्याला त्यांनी जाताजाता शिवलं. सोमाजीनं मागून कमरेला मिठी घातली. भाऊ पडले, पण तोंड चालूच होतं. त्या रेड्याला अंगावर घेऊन ते वीतवीत सरपटले. मी उभा राहून ओरडत होतो, काय ते आठवत नाही. ढोलवाल्यांनी ढोल टाकून दिले होते. भाऊंचं बोट रेघेवर टेकलं.

शिट्टी वाजली नाही. गुरुजी शिट्टी ओठांपाशी धरून भाऊंकडे बघत होते. सोमाजी बघत होता. बांधावरची सगळी माणसं बघत होती. भाऊ मातीत पालथे पडून श्वास घेत होते. मग त्यांनी मान वर केली.

"दम होता," ते म्हणाले.

तेव्हा शिट्टी वाजली. आणि त्यांना खांद्यावर पहिल्यांदा कोणी उचललं असेल तर सोमाजीनं.

त्याच आठवड्यात मी तो आखूड पायाचा पायजमा त्यांच्या दुकानात नेऊन ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अरारा, मालबाबू. वर्षभर असाच फिरला काय तू?"

रज्जाकभाऊंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गुरुजींनंतर मंडईतली शिट्टी माझ्याकडे आली. ढोल वाजतात, दम ऐकू येत नाही, अशा वेळी मी शिट्टी ओठांपाशी धरून गड्याच्या तोंडाकडे बघत थांबतो. लोक चिडतात, पंच बहिरा झाला म्हणतात. बरेच गडी नजर चुकवतात. पण एखाद्या वर्षी एखादा हात शिट्टीच्या आधी वर जातो, आणि माझं सगळं अंग शहारतं.