डब्यातले अकरा मणी

माझं दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं मावतील एवढा गाळा. लातूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत. काळ्या मण्यांच्या पोती, चांदीच्या वाट्या, एक ग्रॅमची डोरली, जोडवी. खरं सोनं आमच्याकडे नाही, त्यामुळे चोर आणि श्रीमंत दोघंही आमच्या वाटेला जात नाहीत. मी मोबाईलवर फोटो टाकून ऑर्डरी घेते आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे पाटावर बसून पोती ओवतात. कपाळावर विभूती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि तोंडी अखंड माझ्या चुका.

दुकानाचा एक रिवाज आत्यांनी घालून दिलेला आहे. नवी पोत ओवताना बाईच्या जुन्या पोतीतला एक मणी त्यात ओवायचाच, आणि तो मणी तिने स्वतःच्या बोटांनी निवडायचा. उरलेले जुने मणी बायका घरी नेत नाहीत आणि टाकतही नाहीत. ते आत्यांच्या पितळी डब्यात जातात. हा डबा काचेच्या फळीवर असतो आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला आत्यांना खपत नाही.

या डब्याचं मला पहिल्यापासून भय वाटायचं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात. मोठा भूकंप होऊन तीस वर्षं उलटली, तरी अधूनमधून खालून गुडगुड होते, भांडी किणकिणतात, लोक रस्त्यावर येतात आणि चहा पिऊन परत जातात. त्या गुडगुडीच्या दोन-तीन श्वास आधी हा डबा वाजायचा. आत कुणीतरी मणी या हातातून त्या हातात ओतून पाहावेत तसा. मला बारावीला भौतिकशास्त्रात चांगले मार्क होते, म्हणून मी त्याला कंपनं म्हणायचे. आत्या त्याला काहीच म्हणत नसत. त्या डब्यावर हात ठेवायच्या आणि कुणाच्या हाकेला 'हो' म्हणावं तसं हळूच म्हणायच्या, "हाव."

माझं माहेर विष्णुपुरीजवळचं. धरणाचा भोंगा वाजला की घाटावरची धुणी उचलायची, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून येतं. त्यामुळे पूर म्हटलं की मी सहसा घाबरत नाही. पण त्या पावसाळ्यात लोह्याच्या बाजूला एका गावात भर सकाळी ओढा शिरला आणि निम्मं गाव घेऊन गेला. भावाने फोटो पाठवले. एका फोटोत शाळेच्या खोलीत पंधरा-वीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी वाटलेल्या नव्या साड्या अंगावर आणि गळे मोकळे. तिघीचौघींचा हात नकळत गळ्याशी गेलेला, तसाच फोटोत राहिला होता.

तो फोटो मी बघितला आणि त्याच दिवशी दुकानाच्या ग्रुपवर टाकलं, की या महिन्यात आमच्याकडची एक पोत घेतली की दुसरी त्या गावाला जाईल, आणि नफ्यातून त्यांना किराणा जाईल. ऑर्डरी अशा आल्या की जेवायला उसंत नाही. एका बाईंनी विचारलं, पूरवाल्यांना देताय ती पोत हलकी असेल ना? म्हटलं, तुम्हाला देतेय तीच आहे, हवी तर दोन्ही गळ्यात घालून बघा. त्यांनी दोन घेतल्या.

आत्या तेव्हा उदगीरला माझ्या नणंदेकडे बाळंतपणाला गेल्या होत्या. मी एकटीच ओवत होते. पोती तयार झाल्या आणि मग लक्षात आलं, की या बायकांकडे जुना मणी कुठून असणार? त्यांच्या पोती तर ओढ्यात गेल्या. रिवाज मोडायचा नव्हता, म्हणून मी स्वतःवर खूश होऊन एक तोड काढली. आत्यांच्या डब्यात नांदत्या बायकांचे शेकडो मणी पडून आहेत, त्यातला एकेक या बायकांना निवडू द्यावा. मी डबा उतरवला. तळाशी धोतराच्या चिंधीत गाठ मारून आणखी थोडे मणी ठेवलेले होते. आत्यांची काटकसर, मी म्हटलं, आणि गाठ सोडून ते मणी इतरांत ओतून खालीवर कालवले. उदगीरला फोन करून विचारावं, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही.

भावाच्या जीपमधून गावात गेलो. घराघराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला गाळाची सरळ रेघ होती, एकाच हाताने ओढल्यासारखी. त्या रेघेच्या खाली सगळं एका रंगाचं. कुत्री नव्हती, कोंबड्या नव्हत्या, माणसं बोलत होती पण हळू. शाळेत सतरंजी टाकून मी डबा मध्ये ठेवला. बायका एकेक पुढे यायच्या, डब्यात हात घालायच्या, मणी निवडायच्या. मी तो ओवून गाठ मारायचे आणि पोत त्यांच्या गळ्यात घालायचे. काही जणी रडल्या, काही हसल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसून म्हटलं, "बघ, फुकटचा नवा नवरा मिळाला." तेवढ्याने खोली जरा माणसांत आली.

शेवटी एक म्हातारी सुनेला दंडाला धरून घेऊन आली. सून तिशीच्या आतली. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझं लेकरू सापडंना झालंय पाच दिस. पर येतंय. घाला हिच्या गळ्यात."

खोलीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. सुनेने डब्यात हात घातला. बाकीच्यांनी वरवरचे मणी उचलले होते. हिचा हात मनगटापर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला, कुणीतरी आतून धरल्यासारखा. मग तिने एक मणी काढला. टवका उडालेला होता. मी म्हटलं, "अगं, दुसरा घे, हा फुटकाय."

"ह्योच," ती म्हणाली. मी पोत बांधताना तिने विचारलं, "ताई, दोरा तुटतो का?"

मी दुकानदारीच्या सवयीने बोलून गेले, "आतून तार आहे. बैलाने ओढली तरी तुटायची नाही."

ती हसली. अशा हसण्याला काय म्हणावं ते मला ठाऊक नाही. जीपमध्ये बसेपर्यंत ते माझ्या पाठोपाठ येत होतं.

आठ दिवसांनी आत्या उदगीरहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी फळीवरच्या डब्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. त्या पाटावर बसल्या, डबा परातीत उपडा केला आणि डोळे मिटून एकेक मणी अंगठ्याखाली चोळायला लागल्या. दोन तास गेले. गिऱ्हाईक आलं नाही. बोटांना कळणारे मणी त्या बाजूला ठेवत होत्या. दहा झाले.

"अकरा व्हते," त्या म्हणाल्या.

मग मला पहिल्यांदा कळलं. भूकंपात आत्यांच्या गल्लीतल्या अकरा बायकांचे नवरे गेले. त्यात माझे सासरे होते. आमच्यात जाळत नाहीत, मातीच देतात. सासऱ्यांना ती आधीच मिळाली होती, ढिगाऱ्यातून काढून पुन्हा दिली. त्या अकराजणींच्या पोती उतरल्या तेव्हा प्रत्येकीने एकेक मणी आत्यांच्या हवाली केला, कारण पोती ओवणाऱ्या त्याच. ते अकरा मणी चिंधीत वेगळे बांधलेले होते, नांदत्या बायकांच्या मण्यांना लागू नयेत म्हणून. गेला होता तो टवक्याचा मणी आत्यांचा स्वतःचा.

मी म्हटलं, "आत्या, काचेचा मणी आहे. त्याला काय कळतंय?"

"त्या मण्याचा धनी न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्या गळ्यात जाईल तिथं त्यो हुडकत बसतो. कुनाला दिलास?"

मी सांगितलं. नवरा बेपत्ता आहे हेही सांगितलं. आत्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात खालून गुडगुड झाली. समोरच्या दुकानातले हंडे वाजले, लोक बाहेर आले. परातीतले मणी मात्र जागचे हलले नाहीत, वाजले नाहीत. भौतिकशास्त्र त्या वेळी अजिबात कामाला आलं नाही. एका बाईचा नवरा परत यायचा आहे आणि मी तिच्या गळ्यात मेलेल्याचा मणी तारेने बांधून आले आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. तो आला नाही तर ते माझ्या हातून झालं, असंच मला आयुष्यभर वाटणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले. पर्समध्ये एक नवा मणी, पक्कड आणि दोरा.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. तिच्यासमोर वाढलेलं ताट होतं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं. "रोज वाढून ठिवते," ती मला म्हणाली. "भुकंजून येईल." तिने जागेवरून न हलता सुनेला हाक मारली. सून बाहेर आली, मला बघून जराही चकित झाली नाही, आणि मला घेऊन सरळ मागच्या गोठ्याकडे गेली. गोठ्यात जनावर नव्हतं. दोन दावी तेवढी खुंटाला बांधलेली, टोकाला कापलेली.

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. चिंधी, अकरा मणी, माझी चूक. हात जोडले. म्हटलं, "मला तो मणी काढू दे, दुसरा घालते."

तिने पोतीवर हात ठेवला. "कुनाचा हाय?"

"माझ्या सासूबाईंचा."

"डब्यात हात घातला तर समदे मणी गार," ती म्हणाली. "ह्योच तेवढा ऊन लागला. मला वाटलं, ज्या बाईचा हाय तिलाच सांगावं."

मग तिने तो मणी चिमटीत धरून मला सांगितलं. पाणी आलं तेव्हा नवरा देवणी बैलजोडीची दावी कापायला गोठ्यात शिरला. ही लिंबाला मिठी मारून उभी होती. बैल सुटले, आणि तो पाण्याबरोबर हिच्याकडे आला. त्याला धरायला सापडली ती हिची पोत.

"त्येंचा हात माझ्या गळ्यात व्हता, ताई. दोरा तुटला. पोत मुठीत घेऊन गेले. मी बघितलं जाताना." ती जराही न रडता बोलत होती. "दोरा पक्का असता तर मी बी गेले असते, न्हाई तर त्ये राहिले असते. कोनतं, ते मला कळंना."

"सासूला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मी हात सुटू दिला म्हणू? ती ताट वाढून राहिली रोज."

"मग पोत का घेतलीस, बाई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पोतींचा धंदा करते याची मला लाज वाटली. "सापडतील की कवातरी. मग बाया येतील माझ्या गळ्याला हात घालायला. गळा मोकळाच असला तर काढतील काय? बाईनं नवऱ्यासाठी काहीतरी उतरवाया पायजे ना?"

मी पर्समधला नवा मणी बाहेर काढला नाही. तिने मला चहाला थांबवलं. म्हातारीने विचारलं, "का आली व्हती ताई?" सून म्हणाली, "पोत नीट बसली का बघाया." लातूरपर्यंत एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडत आले, आणि शेजारच्या बाईने मला न विचारता पाण्याची बाटली दिली.

आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दहा मणी चिंधीत ठेवले, पण गाठ मारली नाही. पावसाळा सरेपर्यंत जमीन दोनदा बोलली. डबा गप्प राहिला.

दसऱ्यानंतर टपालाने लोह्याचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं. पत्ता कुणीतरी शाळकरी अक्षरात घातलेला, आत चिठ्ठी नव्हती. कागदाच्या पुडीत दोन मणी होते. एक टवक्याचा. दुसरा मी कधीच विकत नाही असा, आठवडी बाजारातला बारीक काचेचा, आणि त्याच्या भोकात गाळ वाळून घट्ट बसलेला.

मी तो धुवायला उचलला, तर आत्यांनी माझं मनगट धरलं. मणी अंगठ्याखाली घेतला, डोळे मिटले आणि चोळत बसल्या.

"मूठ उघडली म्हन त्येची," त्या म्हणाल्या. "सापडला गं."

उंबऱ्यातलं ते झाकलेलं ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं. आत्यांनी दोन्ही मणी चिंधीत टाकले आणि चिंधी माझ्या हातात दिली. बारा मण्यांना गाठ मी मारली, डबा फळीवर ठेवला आणि दुपारच्या ऑर्डरी बांधायला घेतल्या.

चारच्या सुमारास डबा वाजला. गुडगुड अजून यायची होती. आत्या पाटावरून उठल्या नाहीत, चष्म्यावरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हातातलं काम ठेवलं, डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाव."