स्मशानाची वाट

शेताच्या कडेला काटेरी तार दिसली की मला सरूआत्या आठवते. आमच्या वस्तीच्या स्मशानाची वाट एका बागायतदाराच्या उसातून जाते. ती मोकळी व्हावी म्हणून आत्याने तहसील कचेरीत हयातभर खेटे घातले. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा तिने वस्तीभर गूळ वाटला. वर्ष सरायच्या आत वाटेवर तार आली.

ऐन पावसाळ्यात आत्या गेली. तिरडी घेऊन आम्ही तारेपाशी थांबलो, तर पलीकडून बागायतदार म्हणाला, "म्हातारी गेली, वाईट झालं. पण पिकातून मढं नेऊ नका."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावलेला माणूस कधीतरी निवळतो. पण आपण काही वावगं करतोय असं ज्याला वाटतच नाही, त्याच्यापुढे कुठला निकाल वाचून दाखवायचा?

बंदोबस्ताला आलेला हवालदारही म्हणाला, "आज वाद नको."

दुसरी वाट ओढ्यातूनच होती. आम्ही ओढ्यात उतरलो. पाणी कमरेला लागलं. "तिरडी वर धरा, आत्या भिजतेय," भाऊ ओरडत राहिला.

माती देऊन परतताना आई ओलं लुगडं पिळत एवढंच म्हणाली, "मी उन्हाळ्यात गेले म्हणजे बरं. तुम्हाला त्रास नको."