चिंच लावलेली नाणी

मी तेरला पोचले तेव्हा बसप्पा तेल्यांच्या ओसरीवर नाणी उन्हात वाळत होती. नुकतीच घासलेली, लखलखीत.

“हात लावू नका, असा निरोप पाठवला होता ना?”

“निस्ती चिंच लावली, बाईसाहेब,” बसप्पा म्हणाले.

“भुईतनं आलेली लक्ष्मी,” त्यांची बायको गंगव्वा म्हणाली. “काळ्या तोंडानं सायबाम्होरं कशी ठिवायची?”

मी निजाम सरकारच्या नोकरीत, जुन्या वस्तूंची नोंद करणारी असिस्टंट. पावसानं ढासळलेल्या टेकाडात बसप्पांना नाण्यांनी भरलेला गडू सापडला होता. आमच्या खात्याचे साहेब दुसऱ्या दिवशी येऊन किंमत ठरवणार होते. घाण्याचा बैल मेल्यामुळे घाणा बंद होता. नवा बैल या नाण्यांवरच यायचा होता.

मला मोठ्यानं बोलता येत नाही. खालच्या आवाजात समजावलं. तांब्याच्या नाण्यावर मातीत हिरवा थर चढतो, त्याला पॅटिना म्हणतात. नाणं जुनं असल्याची ती खूण. घासलं की ती जाते, बारीक अक्षरं जातात आणि किंमतही.

“म्हंजे घाण हाय म्हणून किंमत?” गंगव्वानं विचारलं.

“हो.”

“सरकारचं लई उलटं असतंय.”

बसप्पांनी मान डोलावली. मला वाटलं, त्यांना पटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे नाणी आली ती काळीकुट्ट. साहेबांनी एक उचलून नाकाशी नेलं.

“मिस, हे काय? करडईचं तेल?”

“आन् काजळी,” बसप्पा हौसेनं म्हणाले. “बाईसाहेबच म्हणल्या, घाण पायजे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिरवा थर म्हणाले होते, पण तेव्हा रंगावर कोण वाद घालणार?

“जुनेपणा असा फासणारा माणूस नाणीही घरी ओतून बनवेल,” साहेब म्हणाले. “सगळी बनावट. चला.”

“काकू,” मी गंगव्वाला घाईनं विचारलं, “गडूतलं सगळंच घासलंत?”

“येक ढेकूळ सुटंना. उकिरड्यावर टाकलं.”

उकिरडा मीच उपसला. कॉन्व्हेंटमध्ये हा विषय नव्हता. ढेकूळ म्हणजे एकमेकांना चिकटलेली, हिरवीगार नाणी. साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, “ही खरी,” म्हणाले आणि तेवढंच विकत घेतलं.

मिळालेल्या निजामी हाली रुपयांत बैल आला नाही. गोऱ्हा आला. तो घाण्याला जुंपण्याजोगा होईपर्यंत बसप्पा दुसऱ्याच्या घाण्यावर राबले. बाकीची नाणी गंगव्वानं काजळी काढून पुन्हा लखलखीत केली आणि देवापुढे मांडली.

जुनं नाणं सापडलं तर धुऊ नका. धुतलंच, तर निदान पुन्हा मळवू नका.