सात नंबरचा हॉर्न

माझा मामा बस चालवतो. सात नंबर शहराच्या स्टँडवरून निघते आणि टेकडीवरच्या वस्तीतून फिरून परत येते. शहरात लोक थांब्यावर रांग लावतात, तिथे ते शोभतंही. वस्तीत घरं इतकी विखुरलेली की शेजारी साखर मागायला जावं तर परत येईतो चहा गार. थांबा म्हणजे नुसता लोखंडी खांब, ना सावली ना बाकडं. तिथे ताटकळत बसायला कोण रिकामं आहे?

म्हणून बावीस वर्षांत मामाने स्वतःची रीत बसवली. वळणावर हॉर्न, आणि प्रत्येक घराचा वेगळा. दोन छोटे म्हणजे मास्तर, एक लांब म्हणजे नर्सबाई, लांब आणि छोटा म्हणजे शिलाईवाल्या ताई. ताईंचा पाय अधू, त्या दारातच चढतात. बस बंद झाली तर त्यांचं शहरातलं काम सुटणार, हे सगळ्यांनाच ठाऊक.

आणि बस बंद होणारच होती. ऑफिसच्या मते सात नंबरच्या थांब्यांवर माणूसच नसतो. खात्री करायला एक साहेब वही घेऊन आले. एक सकाळ, दोन फेऱ्या, आणि कुणाला आधी सांगायचं नाही अशी ताकीद. मी त्याच बसवर कंडक्टर.

"थांब्यावरच थांबायचं," साहेब म्हणाले. "विनाकारण हॉर्न नको."

मामा मान डोलावून बसला. वस्तीत सहा खांब आले नि गेले. साहेबांनी सहा शून्यं मांडली. मागच्या काचेतून मला ताई दिसल्या, काखेत पिशवी, हात वर. पळता तर येत नाही त्यांना.

स्टँडवर पोचताच मी मामाला गाठलं. "तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार आहेस का?"

"नियम आहे गं."

"नियम शहराच्या फुटपाथवर जन्मला. त्याला टेकडी काय माहीत?"

मामाने काच पुसून फडकं खाली ठेवलं. मग साहेबांकडे गेला. "साहेब, विनाकारण नको म्हणालात. मला कारण आहे. तुम्ही फक्त बघा."

दुसऱ्या फेरीत पहिल्या वळणावर दोन छोटे. मास्तर शर्टाची बटणं लावत धावत आले. एक लांब, नर्सबाई. मग भाजीवाली, तिची सासू, वरच्या घरातले चौघे. मी भराभर तिकिटं फाडत होते, इतका आनंद झाला होता मला. एकोणीस माणसं!

"पहिले गृहस्थ चढले त्या थांब्याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"मास्तरांचं दार," मी म्हटलं. त्यांनी तसंच लिहिलं.

शेवटी लांब आणि छोटा. मामाने खाली उतरून ताईंना हात दिला. त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मघाशी मला टाकून गेलास. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

मामाचे डोळे भरले.

साहेबांनी वहीचं मागचं पान उलटलं. पहिल्या फेरीची शून्यं खोडली नाहीत. त्यांच्यासमोर एवढंच लिहिलं, 'हॉर्न वाजवू दिला नाही.'

त्या एका ओळीवर सात नंबर अजून चालू आहे. ताई पुढच्या सीटवर बसतात आणि त्या सकाळवरून मामाला अधूनमधून टोमणा मारतात. तो ऐकून घेतो.